गाडी निघाली गुवाहाटीला

माझा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही, आणि आपली गाडी घेऊन जाणाऱ्यांवर तर मुळीच नाही.

लेक केतकी नोकरीसाठी गुवाहाटीला गेली. तिथे रात्रपाळी, म्हणून आमची गाडी ट्रेलरवर चढवून तिला पाठवायचं ठरलं. त्या आठवड्यात माझी झोप उडाली. आरसी, विमा, पीयूसी (प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स, एक द्यायला, एक भिजायला, एक हरवायला!) असं सगळं घेऊन मी सकाळपासून कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभा.

गाडी पोचवणाऱ्या कंपनीचे शिंदे आले. गाडी नेण्याआधी ते ती तपासणार, जुने ओरखडे कागदावर लिहिणार. पुढे नवं काही फुटलं तर भरपाई कंपनीची.

"लिहा, दोन्ही दिवे शाबूत!" मी म्हणालो.

"लिहिलं, काका."

"काचेला तडा नाही, तेही लिहा."

"काका, जे नाही ते लिहीत बसलो तर कागद पुरायचा नाही."

तरी मी लिहून घेतलंच! मग सही ठोकली.

शिंदे किल्ली घेणार, तेवढ्यात बायको नारळ घेऊन आली. नारळ न फोडता गाडी प्रवासाला निघणार कशी?

"मी फोडते," ती म्हणाली.

"नको! तुझा नेम चुकेल, उगाच गाडीला लागायचं!"

मी नारळ हिसकावला आणि आठवड्याची सगळी काळजी एकवटून चाकासमोरच्या दगडावर आपटला.

नारळ फुटला नाही. उसळला. फुटला तो डावा दिवा!

बाहेर ट्रेलर ताटकळलेला, आणि इथे पोरीच्या गाडीचा एक डोळा गेलेला! शिंद्यांनी शांतपणे पेन उघडलं.

"'दोन्ही शाबूत' खोडू ना, काका?"

"प्रवासात फुटला असं नाही का लिहिता येणार?" मी चाचरत विचारलं.

"प्रवास झालाय फूटभर. तोही नारळाचा."

"लिहा हो," बायको म्हणाली, "मालकाचा नेम चुकला."

गाडी पोचेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. अखेर केतकीचा फोन आला. "बाबा, अर्धा देश ओलांडून आली, पण एक नवा ओरखडा नाही! दिवा मी बदलून घेते. तुम्ही मात्र आता कशाचीही काळजी घेऊ नका, प्लीज!"

तो नारळ अजून अखंड होता. परवा चटणीसाठी मी तो हातात घेतला, तर बायको म्हणाली, "थांबा, आधी टीव्ही आत नेते."

मी नारळ तिच्या हातात दिला आणि सवयीने टीव्ही झाकून उभा राहिलो. कोणावर विश्वास ठेवायचा नाही, हे मला आता नावानिशी कळलंय, आणि ते नाव माझंच आहे!