जाऊबाईंच्या दारातला क्रूस

मंडळी, आत्ताच घरी आलेय आणि लगेच लिहितेय.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्या बदलापूरच्या प्रार्थना गटाचा क्रूस दर शुक्रवारी एका घरातून दुसऱ्या घरी जातो. आज तो आमच्याकडून माझ्या मोठ्या जाऊबाईंकडे न्यायचा होता. सासूबाई गेल्यापासून आमचा अबोला आहे.

त्यात आजचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं वाचन: वेदीवर दान ठेवण्याआधी भावाशी समेट कर. निघताना त्यावरचं मनन सगळ्यांपुढे मीच केलं. छान बोलले.

त्यांच्या दारात क्रूस पुढे केला, तर त्यांनी हात मागेच ठेवले. सोबत गात आलेल्या गटाचं गाणं थांबलं.

"आधी बोल, मग दे."

माझ्या तोंडून "ताई," एवढंच निघालं. त्यांनी क्रूस घेतला, माझा हात मात्र सोडला नाही.

उपवासात मटण सोडणं सोपं आहे हो. अबोला सोडताना तुमचा पहिला शब्द कोणता होता?