ओल्या हळदीचा खुलासा

सरकारी कामातले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. फायलीला टाचणी लावताना ते आत राहून जातात आणि बऱ्याच वर्षांनी फाईल उघडली की टाचणीसकट बोटाला लागतात. माझ्याकडे अशी एक फाईल आहे. राज्यातल्या सगळ्या सरकारी शाळांतल्या चौथीच्या लेकरांसाठी एकच चाचणी तयार करायची, सगळ्यांना एकाच मापाने मोजायचं, असं पुण्याला ठरलं होतं, तेव्हाची. हिंगोली जिल्हा परभणीतून नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्यांत खुर्च्या कमी आणि समित्या जास्त होत्या.

मी हिंगोलीत विज्ञान शिकवत होतो. चाचणीचे प्रश्न निवडणाऱ्या समितीवर माझं नाव लागलं, ते विद्वत्तेमुळे, असा माझा दोन दिवस समज होता. तिसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावून सांगितलं, "वाठोरे, महिन्यातून दोनदा एसटीने पुण्याला जायला दुसरं कुणी तयार नाही. अभिनंदन."

*

पहिल्याच बैठकीत अध्यक्षांनी नियम सांगितला. प्रश्नात अशीच वस्तू यावी, जी राज्यातल्या प्रत्येक लेकराने पाहिलेली आहे. नाहीतर अन्याय होतो.

आम्ही अन्याय दूर करायला बसलो. समुद्र काढला, कारण आमच्याकडच्या लेकरांनी पाहिलेला नाही. रेल्वे काढली, कारण डोंगरातल्या लेकरांनी पाहिलेली नाही. नारळ गेला, ऊस गेला, लिफ्ट गेली, पोस्टाची पेटी गेली. दुपारच्या चहापर्यंत यादीत कावळा, चंद्र आणि गुरुजी एवढेच उरले.

चहानंतर विदर्भातल्या एका सदस्याने हात वर केला. "गुरुजी पण काढा जी. सगळ्या शाळांत असतीलच, असं नाही."

चर्चा झाली नाही. गुरुजी काढले.

*

माझी बायको विमल आखाडा बाळापूरजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होती. चौथीचा वर्ग, सव्वीस लेकरं. शिक्षकांकडून प्रश्न मागवले, तेव्हा बाकीच्यांनी दहा-दहा, वीस-वीस पाठवले. विमलने एकच पाठवला.

'पाच किलो ओली हळद शिजवून वाळवली. आता तिचे वजन किती भरेल? अ) जास्त, ब) कमी, क) तेवढेच, ड) सांगता येत नाही.'

"एकच काहून?" मी विचारलं.

"माझी लेकरं पुस्तकात सफरचंद पाहतात, आगबोट पाहतात. दुसऱ्याच्या घरच्या वस्तू मोजून राहिली बिचारी. एकदा तरी पेपरात आपल्या आंगणातली वस्तू निघावी. समद्या राज्यातल्या लेकरांनी एकदा आमच्या हळदीवर डोकं खाजवावं. एवढंच पाहायचं आहे मला."

अडचण अशी होती, की समितीत गेल्या गेल्या मी गोपनीयतेच्या कागदावर सही केली होती. कोणता प्रश्न राहिला, कोणता गेला, हे कुणालाही सांगायचं नाही. 'कुणालाही' या शब्दाखाली रेघ होती.

पुण्याहून परतलो, की चप्पल काढायच्या आत विमल विचारायची, "माझी हळद कुठवर आली?"

"गोपनीय आहे."

"बरं."

पहिल्या वेळी ती एवढंच म्हणाली. दुसऱ्या वेळी जेवायला ताट झाकून समोर ठेवलं. मी विचारलं, भाजी काय आहे? म्हणाली, "गोपनीय आहे."

*

समितीत प्रश्नांवर नावं नसायची, नुसते क्रमांक. हळद सतराव्या क्रमांकावर आली. मी खाली मान घालून बसलो.

एक सदस्य म्हणाले, "हळद म्हणजे पिवळी पूड. ती शिजवायची कशाला?"

दुसऱ्या बाई म्हणाल्या, "भात शिजवला की फुगतो. तशी ही पण वाढेल."

तिसऱ्यांनी चष्मा पुसला. "वस्तू तीच आहे. मग वजन तेवढंच. हे विज्ञान आहे."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "वाठोरे, तुमच्याकडे हळद होते ना?"

"होते सर. वाळल्यावर कमी भरते. पाच किलोची जेमतेम किलोभर राहते."

"आधार?"

"म्हणजे?"

"लेखी आधार. एखादं पुस्तक, अहवाल."

"सर, आमच्याकडे हळद वाळवतात. लिहीत नाहीत."

एकमत होईना, तेव्हा अध्यक्षांनी हळदीचं वजन मतदानाला टाकलं. 'जास्त'ला दोन मतं पडली. 'तेवढेच'ला तीन. 'कमी'ला चार, त्यातलं एक माझं. एका मताने हळद वाळली आणि प्रश्न पुढच्या यादीत गेला.

घरी आल्यावर विमलने विचारलं. मी गोपनीय राहिलो.

*

उत्तरपत्रिका संगणक तपासणार होता. त्यासाठी लेकरांनी चार गोलांपैकी एक पेन्सिलने पूर्ण काळा करायचा. हे शिकवायला पुण्याहून एक तरुण साहेब हिंगोलीला आले. सभागृहात दोनशे गुरुजी. साहेबांनी तासभर गोल काळा करून दाखवला आणि विचारलं, "काही शंका?"

कळमनुरीकडचे एक वयस्कर गुरुजी उठले. "साहेब, आमच्या काही लेकरांना अर्धंच उत्तर येतं. त्यांनी गोल अर्धा काळा केला तर अर्धा मार्क भेटंल का?"

"नाही. संगणकाला अर्धं कळत नाही."

गुरुजी खाली बसता बसता म्हणाले, "मंग त्याला बी चौथीतच बसवा की. आमी शिकवतो."

*

आता राज्यातल्या निवडक शाळांत एकदा चाचणी घेऊन पाहायची होती. प्रश्न कसे चालतात ते बघायचं, आणि टिकतील तेच खऱ्या पेपरात घ्यायचे. आमच्या जिल्ह्यातून एकच शाळा निवडली गेली. संगणकाने चिठ्ठी काढली, ती विमलच्या शाळेची निघाली. हे मला कळलं होतं. हेही गोपनीय होतं.

महिनाभर आधी प्रश्नपत्रिकांचे सीलबंद गठ्ठे हिंगोलीच्या डेपोत उतरले. मला ताबा घ्यायला पाठवलं होतं. प्रत्येक गठ्ठ्याला लाखेची सात सीलं. सीलं फुटू नयेत म्हणून गठ्ठे खोक्यात घालून भोवती कागदाचे बोळे कोंबले होते. हमालाने बोळे काढून बाजूला टाकले आणि शेजारच्या भजीवाल्याने ते उचलून सरळ करून ठेवले.

सह्याशिक्के होईपर्यंत मी भजी घेतली. दोन भजी खाल्ल्यावर खाली तेलात अक्षरं उमटली. छपाईत बिघडलेली तीच प्रश्नपत्रिका होती. सात सीलं आत, पेपर बाहेर. माझ्या भज्यांखाली प्रश्न क्रमांक सतरा होता. पाच किलो ओली हळद. एक शब्दही बदललेला नव्हता.

तो कागद खिशात घालून घरी नेता आला असता. मी भजीवाल्याकडचे सगळे कागद मागून घेतले, माझाही त्यात घातला, आणि नियमाप्रमाणे जाळून टाकले. जाळल्याचा पंचनामा फायलीत आहे.

बरेच दिवस आजारी असलेली विमल त्याच दिवशी नांदेडच्या दवाखान्यातून घरी आली होती; डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. खाटेवरूनच तिने विचारलं, "माझी हळद कुठवर आली?"

"गोपनीय आहे."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "मला कळलं," म्हणाली.

"काय कळलं?"

"ते गोपनीय आहे."

चाचणीच्या अकरा दिवस आधी ती गेली.

*

चाचणीच्या दिवशी तिचा वर्ग मुख्याध्यापक कदम गुरुजींनी सांभाळला. मी गेलो नाही.

दोन महिन्यांनी कदम गुरुजी एक लिफाफा घेऊन माझ्या दारात उभे राहिले. "सर, काय करावं कळंना. बाईंच्या नावाने आलंय."

आत कारणे दाखवा नोटीस होती. श्रीमती विमल वाठोरे, वर्गशिक्षिका, यांना. 'प्रश्न क्रमांक १७ चे उत्तर राज्यातील बहुतांश विद्यार्थ्यांनी चुकविले असताना आपल्या वर्गातील सव्वीसपैकी सव्वीस विद्यार्थ्यांनी ते बरोबर लिहिले आहे. संगणकाच्या मते हे सामूहिक कॉपीचे लक्षण आहे. विद्यार्थ्यांना उत्तर आधीच कसे माहीत होते, याचा खुलासा आपण स्वतःच्या सहीने सात दिवसांत सादर करावा. अन्यथा सदर प्रश्न अंतिम प्रश्नपत्रिकेतून वगळण्यात येईल.'

राज्यभरच्या लेकरांनी हळदीवर डोकं खाजवलं होतं. विमलला पाहायचं होतं ते झालं होतं, आणि त्याबद्दल तिला नोटीस निघाली होती.

"बाई न्हाईत म्हणून कळवू?" कदम गुरुजी म्हणाले.

"कळवलं, तर फाईल बंद होईल. प्रश्नही जाईल."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शाळेवर गेलो. गुरुजींनी वर्गाला विचारलं, "सतराव्याचं उत्तर तुमाला कुणी सांगितलं रे?"

लेकरं एकमेकांकडे पाहायला लागली. पहिल्या ओळीतली सविता उठली. "सांगायचं काय त्यात, गुरुजी? दरसाली आमीच तर वाळू घालतो. नेताना दोन माणसं लागतात, आणताना मी एकटी आणते."

"हे पुण्याला कसं कळवावं?"

"त्यांला हळदच पाठवा की. करून पाहतील."

लेखी आधार नव्हता, पण ओला आधार भरपूर होता. हंगाम सुरू होता, सगळ्या शिवारात हळद काढणी चाललेली. दुसऱ्या दिवशी प्रत्येक लेकराने घरून ओंजळ-ओंजळ ओली हळद आणली. दुकानातल्या तराजूवर बराबर पाच किलो मोजली, पोत्यात शिवली. कदम गुरुजींनी पत्र लिहिलं : 'सोबत ओली हळद वजन पाच किलो पाठवीत आहोत. आपण स्वतः शिजवून, वाळवून खात्री करून घ्यावी.' सहीच्या जागी सव्वीस सह्या झाल्या. पोतं एसटीच्या पार्सलने पुण्याला गेलं.

उत्तर यायला एप्रिल संपत आला. पत्र पुन्हा विमलच्याच नावाने होतं. कदम गुरुजींनी मला बोलावून घेतलं आणि वर्गात उभं राहून मोठ्याने वाचलं.

'आपण पाठविलेली हळद दोन महिने आवक विभागात होती. सदर कार्यालयात हळद शिजविण्याची सोय नाही. तथापि, आपल्या पत्रात वजन पाच किलो नमूद असताना प्रत्यक्षात ते तीन किलो आठशे ग्रॅमच भरले आहे. पोत्याची शिवण शाबूत आहे. वजन कमी कसे झाले, याचा खुलासा सात दिवसांत करावा. तोपर्यंत प्रश्न क्रमांक १७ बाबत निर्णय घेता येणार नाही.'

मग सविताने दप्तरातून पेन्सिल काढली आणि कदम गुरुजींकडे पोस्टकार्ड मागितलं.

पोस्टकार्डावर तिने चार गोल काढले. दुसरा, 'कमी'चा, पूर्ण काळा केला. खाली सव्वीस सह्या.