आधी डिग्री पूर्ण कर

अमेरिकेत, ॲरिझोनातल्या चँडलरच्या आमच्या घरात मागची खोली एका इंग्रज पोराला भाड्यानं दिली होती. आला तेव्हा एकोणिसाचा असेल. फुटबॉलमधला स्ट्रायकर होता, आणि तोही नुसता कॉलेजच्या टीमपुरता नव्हे. तिकडच्या एका मोठ्या क्लबनं त्याला लहानपणापासून घडवलं आणि अठरा पुरी होताच, उंची कमी पडते म्हणून, मोकळं केलं. मग इथल्या एका छोट्या कॉलेजनं त्याला खेळावर स्कॉलरशिप दिली.

मी तेव्हा एच-फोर व्हिसावर होते. म्हणजे पुण्यातली चांगली नोकरी सोडून नवऱ्यामागे आलेली आणि इथे कायद्यानंच घरी बसवलेली इंजिनिअर. नवरा चिप बनवणाऱ्या कंपनीत. दिवसभर भिंतींशी बोलून डोकं भणभणायचं, म्हणून त्या पोराची मॅच असली की मी गाडी काढून बघायला जायचे. चांगला खेळतो म्हणजे काय, ते मला कळत होतं. शाळा-कॉलेजात मी खो-खो खेळलेय. खो मिळाल्यावर पहिलं पाऊल कोणाचं आधी पडतं त्यावर सगळं असतं, आणि ह्या पोराचं पाऊल बाकीच्यांना बॉल दिसायच्या आत पडलेलं असायचं. बघताना माझेच पाय शिवशिवायचे.

दोन हजार चारच्या हिवाळ्यात त्याला फोन आला. त्याच्या गावचा क्लब, खालच्या डिव्हिजनचा, पण पक्का व्यावसायिक. लहानपणी त्याला शिकवणारा माणूसच आता तिथला मॅनेजर झाला होता. जानेवारीत ये, दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट देतो म्हणाला. अडचण एवढीच, की तिकडे सही केली की इकडची स्कॉलरशिप गेली, व्हिसाही गेला. डिग्रीला दीड वर्ष राहिलं होतं. आधी तो आनंदानं वेडा झाला आणि मग घाबरला.

आमच्या मराठी मंडळींत एक काका होते. तीस वर्षांपासून इथे असलेले, मनानं अगदी सोन्यासारखे. घर घ्यायचंय, नोकरी बदलायचीय, ग्रीन कार्ड अडकलंय, की जो तो शनिवारी त्यांच्याकडे जेवायला जायचा आणि निर्णय घेऊनच परत यायचा. दोन वर्षं हे बघून त्या पोरालाही वाटायला लागलं, की मोठी गोष्ट ठरवायची तर ती अशीच. आपणहून म्हणाला, "मला काकांकडे घेऊन चला." उमेदीच्या वयात मैदानात कधी पाऊल न टाकलेल्या माणसांना तो मैदानातलं विचारायला निघाला होता. मी गाडीत नको म्हणून बघितलं, पण नवरा म्हणाला, "अगं, काकांनी कोणाचं वाईट केलंय का?"

नव्हतं केलं. तीच तर पंचाईत.

जेवणं झाल्यावर काकांनी त्याला शेजारी बसवून प्रेमानं समजावलं. "बेटा, आधी डिग्री पूर्ण कर. दीड वर्षाचा तर प्रश्न आहे. क्लब काय पळून जातोय?" सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळे असेच वर आलेले. बारावी, इंजिनिअरिंग, एमएस, मग नोकरीचा एच-वन व्हिसा. अधल्यामधल्या प्रत्येक आवडीला 'नंतर' म्हणून सांगितलेलं. मी म्हटलं, "अहो काका, पायांना नंतर नसतं. जाऊ दे त्याला." सगळे मजेत हसले. नवरा म्हणाला, "हिला घरी बसून फार सुचतं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण ऐकतंय कोण.

दुसऱ्या दिवशी मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं आणि स्पष्ट सांगितलं. माझी राज्याच्या संघात निवड झाली होती, पण बारावीचं वर्ष म्हणून वडिलांनी कॅम्पला पाठवलं नाही. पुढच्या वर्षी जा म्हणाले. पुढच्या वर्षी मला कोणी बोलावलंच नाही.

त्यानं सगळं नीट ऐकलं. मग त्या मोठ्या स्वयंपाकघराकडे, मागच्या अंगणाकडे, गॅरेजमधल्या गाड्यांकडे बघून म्हणाला, "पण काकू, शेवटी तुमचं छानच झालं ना?"

"नाही," मी म्हटलं. "काही छान झालेलं नाही."

त्याला वाटलं, मी गंमत करतेय. संध्याकाळी त्यानं मॅनेजरला नाही म्हणून कळवलं. मी त्या रात्री जेवले नाही. कोणी विचारलंही नाही.

क्लबनं महिन्याभरात दुसरा पोरगा घेतला. ह्यानं डिग्री घेतली, समारंभाला आम्ही सगळे गेलो, काकांचे डोळे भरून आले. मग त्यानं तिकडच्या क्लबांना फोन लावायला सुरुवात केली. कॉलेजातले गोल तिकडे कोणी मोजेना. बावीस म्हणजे उशीर झाला, असं एकानं तोंडावर सांगितलं. इथल्या एका टीमनं ट्रायलला बोलावून परत पाठवलं. शेवटी फिनिक्समधल्या एका इन्शुरन्स कंपनीत तो डेस्कवर बसायला लागला.

पुढच्या जानेवारीत त्याच्या गावच्या क्लबची कप स्पर्धेत एका बड्या क्लबशी गाठ पडली. काकांनी खास त्याच्यासाठी मॅच दाखवणारं चॅनल घेतलं आणि शनिवारी सकाळी सगळ्यांना उपम्याला बोलावलं. ह्याच्या जागी घेतलेल्या पोरानं गोल केला. अख्खा हॉल उठून नाचला. "अरे, तुझा क्लब!" म्हणत काकांनी त्याला मिठी मारली. तो हसला, रिकाम्या बशा गोळा केल्या आणि आत स्वयंपाकघरात माझ्याकडे आला.

बशा सिंकमध्ये ठेवून तो तिथेच उभा राहिला. "काकू, मी तेवीस वर्षांचा आहे," तो म्हणाला, "आणि माझं संपलं." मग तो रडायला लागला, आवाज न करता, नळ सोडून. ते खरंच होतं. मी नुसती त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

तेवढ्यात हॉलमधून काकांची हाक आली. "अरे बेटा, तुझी कंपनी एप्रिलमध्ये एच-वन फाइल करतेय ना?"

त्यानं नळ बंद केला, बाहीनं तोंड पुसलं आणि बाहेर गेला.

"हो काका, करतायत," तो म्हणाला, आणि सगळ्यांनी त्याचं अभिनंदन केलं.