वन्सं आणि हवेचं लायसन

आधी माफी मागते. माझं अक्षर मुंग्या चालल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच उमगलं नाही. शाळा चौथीपर्यंत, तीही धारच्या हिंदी शाळेत. मराठी जी काही लिहिता येते ती सासूबाईंच्या पोथ्या वाचून आलेली. रविवारच्या पुरवणीत लोक गेलेल्या माणसांवर किती छान लिहितात, तसं मला जमायचं नाही, आणि हे कुणाला दाखवायचंही नाही. पण वन्सं गेल्याला आता अडीच महिने होत आले, त्यांचं राहिलेलं काम काल पुरं झालं, आणि कालपासून मला एका जागी बसवत नाही. भाजी फोडणीला टाकते आणि मध्येच एकटीच हसते. हे विचारतात, काय झालं? काय सांगणार... म्हणून वहीत लिहिते आहे.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण, इंदुताई. लग्न केलं नाही. सगळी नोकरी देवासला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली आणि निवृत्त झाल्यावरही देवासलाच राहिल्या, टेकडी दिसेल अशा दोन खोल्यांत. त्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या धारच्या गच्चीवर होते. गच्चीवर एक लोखंडी पाइप आहे, त्याला पांढऱ्या छत्र्या लावलेल्या. छत्री म्हणजे थाळीसारखा अँटेना. काम बंद झालं होतं तरी रोज सकाळी ओल्या फडक्याने त्या पुसायची मला सवय लागली होती. खालून यांचा आवाज आला, "शैला... ताई गेली." मी फडकं हातात धरून तशीच उभी राहिले. रडू नंतर आलं. आधी आठवलं ते त्यांचं आठ दिवसांपूर्वीचं बोलणं. देवासला त्यांच्या खाटेशी बसले होते, त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "लोकांची अनामत परत गेली पाहिजे. एकाचीही राहता कामा नये. तू आहेस ना?" मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "मान नको हलवूस. बोल." मी म्हटलं, "आहे." एवढंच.

हे सगळं सुरू झालं ते एका दिवाळीत. वन्सं भाऊबीजेला आल्या होत्या. पानावर बसल्या बसल्या म्हणाल्या, "बाळू, मी कंपनी काढते आहे. धारच्या आजूबाजूच्या गावांना बिनतारी इंटरनेट द्यायचं. तार नको, खांब नको. आपल्या गच्चीवरून त्यांच्या गच्चीवर, हवेतून." यांनी पुरी तोंडात धरून विचारलं, "आणि सरकार?" वन्संचा चेहरा असा उजळला, जणू हाच प्रश्न यावा म्हणून त्या देवासहून आल्या होत्या. "सरकारचं लायसन घ्यायचं! हवेतून जे जे जातं त्यावर सरकारचा हक्क. ते नियम घालून देतं, आपण नियमाने चालायचं."

मी पुऱ्या लाटत होते. हवेलासुद्धा परवानगी लागते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी लाटणं थांबवून वर पाहिलं. हवाच ती, काय दिसणार!

पण नियम असा होता की लायसन एकट्या माणसाला मिळत नाही, कंपनीलाच मिळतं. आणि कंपनी म्हटली की निदान दोन संचालक हवेत. वन्सं एक झाल्या. दुसरा कोण? हे तहसिलीत नोकरीला, सरकारी माणसाला धंद्यात नाव घालता येत नाही. मुलगा तेव्हा शाळेत, अठराचाही नव्हता. वन्संनी एकेक नाव बोटावर मोजलं आणि सोडलं, आणि मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. "या घरात कायद्याने मोकळं माणूस एकच आहे."

मला आधी वाटलं, त्या दारात बसलेल्या आमच्या मांजरीबद्दल बोलताहेत.

हे जोरात हसले. "ताई, शैला? अगं, दारात कुरियरवाला आला तर ही आत पळते. आणि शिक्षण बघ ना तिचं!" वन्संनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला आणि चष्मा लावला. "यात विचारलंय की दिवाळं निघालंय का, शिक्षा झालीय का, भारताची नागरिक आहे का, पत्ता काय. शिक्षण कुठे विचारलंय, दाखव." यांनी पानं उलटली. पुन्हा उलटली. खरंच कुठे नव्हतं. वन्सं माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सरकारला चालतेस, शैला. मग आम्ही कोण?"

आयुष्यभर मला सगळ्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला होता. बघायला आलेल्या पाहुण्यांनी, मुलाच्या शाळेतल्या बाईंनी, बँकेतल्या साहेबांनी. आणि एवढा जाड गठ्ठा, त्यात तो प्रश्नच नाही! त्या रात्री मी यांना म्हटलं, मी सही करते.

पुढचे महिने कसे गेले ते सांगता येत नाही. वन्सं देवासहून बसने यायच्या, पिशवीत कागद आणि माझ्यासाठी शेव. लायसनच्या अटी इंग्रजीत होत्या. दुपारी मी भाजी निवडायची आणि त्या एकेक अट मराठीत करून वाचायच्या, अगदी सत्यनारायणाच्या कथेसारख्या. आज कुठला अध्याय, मी विचारायची. ग्राहकाची ओळख पटल्याशिवाय जोडणी देऊ नये, हा एक अध्याय. दर तीन महिन्यांनी कमाईचा हिशेब पाठवावा, हा दुसरा. त्यात गंमत अशी की कमाई झाली नाही तरी पाठवावाच लागतो. काही कमावलं नाही, असं शपथेवर लिहून द्यायचं! मी म्हटलं, "वन्सं, न मिळालेल्या पैशाचा कसला हिशेब?" त्या म्हणाल्या, "शून्य हाही आकडाच आहे. तो कळवला नाही तर सरकारला कसं कळणार की शून्य आहे?" सुरुवातीला आमचे बरेच हिशेब शून्याचेच गेले. प्रत्येकावर दोन सह्या, त्यांची आणि माझी.

लायसन धार जिल्ह्याच्या भागापुरतं होतं. म्हणजे मालकीणबाई देवासच्या, आणि त्यांच्या स्वतःच्या घरात दुसऱ्याच कंपनीचं नेट. शेजारणी चिडवायच्या, "दीदी, हलवाई अपनी मिठाई नहीं खाता क्या?" वन्सं ऐटीत सांगायच्या, "देवास हमारे लायसन में नहीं है।" जणू देवास कमी पडलं होतं.

पहिली जोडणी दिली तो दिवस! सरदारपुरच्या वाटेवरच्या एका गावातली शाळा होती. मिस्त्री तिकडे छपरावर, मी इकडे गच्चीवर छत्रीला हात लावून, आणि वन्सं मधोमध खुर्चीत फोन घेऊन. एक्स्चेंजमधला त्यांचा तो आवाज पुन्हा आला होता, खणखणीत. "डावीकडे... अजून... शैला, श्वास रोखून धर!" छत्री केसभर हलली आणि तिकडून फोनमध्ये आरडाओरडा ऐकू आला. मुलं ओरडत होती. आमच्या गच्चीवरून निघालेलं काहीतरी, मला न दिसणारं, शेतांवरून जाऊन तिथे पोचलं होतं. मी पाइपला मिठी मारली. वन्सं म्हणाल्या, "संचालिकाबाई, पाइप हलवू नका." आणि मग दोघी इतक्या हसलो की खालून हे वर आले, काय पडलं म्हणून.

मग ग्राहक वाढले. छत्री ग्राहकाच्या घरावर बसवायची, तिच्यापोटी थोडी अनामत घ्यायची, आणि सेवा बंद झाली की परत करायची, अशी पद्धत. त्यातले सर्वांत भांडखोर म्हणजे बदनावरचे भेरूलाल भिया, म्हणजे भैया, सोयाबीनचे व्यापारी. त्यांना मंडीचे भाव घरबसल्या हवे असायचे. एकदा त्यांनी हट्ट धरला की साडूच्या शेतावरही एक छत्री लावून द्या. शेत जेमतेम नाल्यापलीकडे, पण नाला ओलांडला की रतलाम जिल्हा. वन्सं नाही म्हणाल्या. भिया तापले. "बेनजी, हवा के कंई मालम जिलो कां खतम हुई ग्यो?" वन्सं शांतपणे म्हणाल्या, "हवा को नहीं मालूम। मुझे मालूम है। नियम है।" भिया माझ्याकडे पाहून म्हणाले, "भाभी, इनको समझाओ, आप भी तो डायरेक्टर हो!" मी पदराचं टोक चावलं. पण घरी येताना बसमध्ये वन्सं म्हणाल्या, "ऐकलंस? तुला डायरेक्टर म्हणाला." आणि खिडकीबाहेर बघत हसत राहिल्या.

गेल्या वर्षी मोठ्या कंपनीची तार गावोगाव पोचली. आमचे ग्राहक एकेक करून तिकडे जाऊ लागले. मला वाटलं, वन्सं खचतील. छे! त्यांना बंद करण्याचेही नियम वाचायचे होते. "जसं उघडलं तसंच बंद करू," म्हणाल्या. ग्राहकांना आधी कळवलं, भोपाळच्या ऑफिसला लायसन परत करण्याचा अर्ज दिला. अनामतीचा पैसा छत्र्या विकत घेण्यात गेला होता. पण लायसन घेताना वन्संनी आपल्या फंडातून सरकारकडे हमी म्हणून बँकेत रक्कम अडकवली होती. सरकारचं काही देणं निघालं नाही की ती सुटणार, आणि तीच लोकांना वाटायची, असं त्यांनी ठरवलं होतं. अर्ज गेला, आणि वन्सं अंथरुणाला खिळल्या.

तेराव्याला आलेल्या एका पाहुण्यांनीच विषय काढला. "सरकारात गेलेला पैसा कधी परत येतो का?" बदनावरहूनही कानावर आलं की बाजारात लोक म्हणतात, दीदी गई, पैसा गया. ते मला फार लागलं. ज्या बाईने शून्याचे हिशेब शपथेवर पाठवले, तिच्या नावाला हे चिकटणार? भोपाळहून पत्र आलं की सही करणाऱ्या संचालकाने मूळ कागद घेऊन यावं. हे म्हणाले, मी जाऊन येतो. मी पत्र पुढे केलं. संचालकाने, असं लिहिलं होतं. हे संचालक नव्हते.

भोपाळपर्यंत बसमध्ये मी मनात एकच वाक्य घोकत होते. हे बरोबर होते, पण साहेबांच्या खोलीच्या बाहेरच बाकावर बसले. साहेबांनी विचारलं, "आप डायरेक्टर हैं?" घोकलेलं वाक्य कुठे गेलं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "हाँ।" ते म्हणाले, "बैठिए।" मी बसले. खुर्चीच्या अगदी कडेवर... पण बसले. त्यांनी संगणकावर आमचे हिशेब उघडले, वरून खाली गेले, पुन्हा वर आले. "एक भी तिमाही बाकी नहीं है," ते म्हणाले. "शून्यवाले भी सब भरे हैं। कटने जैसा कुछ है ही नहीं।" माझ्या डोळ्यांपुढे आमचं स्वयंपाकघर आलं, निवडलेली मेथी, आणि चष्म्यावरून बघणाऱ्या वन्सं. मला ओरडावंसं वाटत होतं. मी फक्त म्हटलं, "वो वन्सं ने... मेरी ननद ने भरे थे।" दाखवलं तिथे सही केली.

बँकेने रक्कम सोडली, आणि मग मी आणि हे स्कूटरवरून गावं फिरलो. पिशवीत पैसे आणि पावतीपुस्तक. दारं मी वाजवायची, हे स्कूटरपाशी थांबायचे. शाळेतल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या, एका म्हातारीने साडी नेसवली. आपल्याला पैसे परत मिळताहेत हे बऱ्याच जणांना पटतच नव्हतं.

काल शेवटचं घर राहिलं होतं, बदनावरला भेरूलाल भियांचं. त्यांच्या छपरावर आमची छत्री अजून होती, अजून धारच्या दिशेला तोंड करून. बाकी सगळ्यांनी काढून ठेवल्या होत्या. भियांनी पैसे पाहिले आणि हात मागे घेतला. "रेवा दो भाभी. बेनजी की याद समजी लांगा." बेनजींची आठवण म्हणून छत्री ठेवू, पैसे राहू द्या, असं त्यांचं म्हणणं. एरवी मी एवढ्यावर गप्प बसले असते, मान हलवून परत फिरले असते. पण मला मनगटावर ती पकड जाणवली. मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच खणखणीत वाटला, "लेना पड़ेगा भिया। नियम है।"

भिया माझ्याकडे बघतच राहिले. मग मोठ्याने हसले, डोळे पुसले, आणि घरात हाक मारली, "अरे सुनो, बेनजी आई हे!" चहा आला. मी पावती लिहिली, सही केली आणि सहीखाली, अक्षर वेडंवाकडं आलं तरी, संचालिका असं लिहिलं. भियांनी छत्रीला हात लावू दिला नाही. म्हणाले, ती राहू दे, तिकडेच बघत राहू दे. पण पैसे त्यांनी घेतले, बोट ओलं करून एकेक नोट मोजली आणि म्हणाले, "पूरा है, भाभी. एक पैसो बाकी नी."