मिठी ओलांडताना
अगं, चिखलाचे बूट दाराबाहेर काढावेत, एवढंही कळत नाही? ये, बस आजीजवळ. मिठी नदीच्या काठच्या झाडीत पक्षी बघून आलीस ना, त्या चिखलाच्या वासाने मला संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांतली एक दुपार आठवली. परळला मोर्चावर गोळीबार झाला आणि माझ्या थोरल्या भावाच्या मांडीत गोळी घुसली. इस्पितळात नेलं तर पोलीस धरतील, म्हणून आईने त्याला नदीपलीकडे मावशीकडे न्यायचं ठरवलं. आमच्या लेखी मुंबई नदीपाशी संपायची. पुलावर पहारा होता. माहीमचा ओळखीचा कोळी होडीने न्यायला तयार झाला, पण ओहोटी लागलेली. "थांब बाय, भरती येऊ दे. आता होडी चिखलात रुतंल." आम्ही थांबलो. भाऊ सारखा पाणी मागायचा. रक्त वाहणाऱ्याला पाणी पाजू नये, असं आमच्यात मानत. "पल्याड गेल्यार देतंय, झिला," आई म्हणत राहिली. पाणी चढलं, होडी सुटली, आणि मध्यावर त्याने मागणं थांबवलं. "झोप लागली बघ त्याला," आई मला म्हणाली. कोळ्याने वल्हं थांबवून डोक्यावरची टोपी काढली. पलीकडे पोचल्यावर मावशीने तांब्या आणला; आईने तो त्याच्या ओठांना लावला, सगळं पाणी गळ्यावरून ओघळलं. आता तिथे पक्षी येतात म्हणतेस, येऊ देत बापडे. मी काही ते बघायला जायची नाही. तूच येत जा गं माझ्याकडे, वरचेवर.