निळ्या कोपऱ्यातली आपली पोरगी

आमच्या घराण्यात आजवर कुणीही कुणाला जाहीररीत्या ठोसा मारलेला नव्हता. (खासगीत मारला असल्यास त्याची नोंद उपलब्ध नाही.) आमची माणसे शिकली, सरकारी नोकरीला लागली, बदली होऊन दिल्लीला आली आणि लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये शेजारच्या टीव्हीचा आवाज मुकाट्याने सोसत राहिली. अशा कुळात माझी मुलगी संघमित्रा अकरावीत असताना बॉक्सिंग शिकू लागली आणि बारावीत जाईपर्यंत त्यात बरी निघाली, ही आम्हा सर्वांना जरा अडचणीचीच गोष्ट होती.

सर्वाधिक अडचण सुधीरना झाली. सुधीर म्हणजे माझे यजमान. ते लेखापरीक्षणात आहेत. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर आक्षेप घेण्याचा त्यांना पगार मिळतो. त्यांनी एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर करार मांडला.

"उपांत्य फेरी जिंकलीस तर खेळ. हरलीस तर ग्लव्ज माळ्यावर आणि तू कोचिंग क्लासला. मंजूर?"

"मंजूर," मित्रा म्हणाली. "पण माझी पण एक अट आहे. आईने यायचं आणि ओरडायचं."

माझ्या हातातला डाव वरणातच राहिला.

इथे माझ्या आवाजाविषयी सांगणे भाग आहे. मी गेली बावीस वर्षे शासकीय बैठकांना उपस्थित असते आणि मी मांडलेला मुद्दा इतिवृत्तात नेहमी शेजारच्या माणसाच्या नावावर लागतो. मित्राच्या गेल्या वर्षीच्या एका सामन्याला मी गेले होते. समोरच्या मुलीचे अख्खे गाव येऊन छत हलवीत होते. मी टाळ्या वाजवीत "छान, छान" म्हणत होते. सामना हरल्यावर मित्राचे प्रशिक्षक माझ्याजवळ येऊन अत्यंत अदबीने म्हणाले होते, "आंटीजी, बुरा मत मानना, हमारे यहाँ शोकसभा में भी इससे ज़्यादा रौनक होती है."

"आई, रिंगमध्ये फार एकटं वाटतं यार," मित्रा आता म्हणाली. "समोरचीला तिचे सगळे ऐकू येतात. मला फक्त तीच ऐकू येते."

त्या वाक्यानंतर माझ्यापुढे पर्याय उरला नाही. मी ओरडायचे ठरवले. आणि एकदा ठरवल्यावर मी शिस्तीने कामाला लागते. ऑफिसला जाताना गाडीच्या काचा वर करून मी सराव सुरू केला. पहिल्या दिवशी खोकला आला. तिसऱ्या दिवशी एका सिग्नलला मी डोळे मिटून "सोडू नकोस तिला! हाण!" अशी बऱ्यापैकी आरोळी ठोकली. डोळे उघडले तर शेजारचा स्कूटरवाला काचेवर टकटक करीत होता.

"मैडम, सब ठीक है? फ़ोन पर हस्बैंड हैं क्या?"

"नहीं, नहीं," मी म्हणाले, "बेटी के लिए है."

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरू शकत नाही. पण आवाज निघाला होता, हे खरे.

सामन्याच्या आदल्या दिवशी नागपूरहून शशीताई आल्या. त्या सुधीरच्या थोरल्या बहीण. शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या असल्या तरी आवाज अजून सेवेत आहे. त्यांनी येताना पिशवीभर निळे गमछे आणले होते. आम्ही विदर्भातले बौद्ध. निळा रंग आम्हाला कुणी शिकवावा लागत नाही. जयंतीच्या मिरवणुकीतला झेंडा निळा, आमच्या विहाराचे फाटक निळे, ताईंच्या कपाटातल्या निम्म्या साड्या निळ्या. कुठल्याही स्पर्धेत एक बाजू निळी असली की आमचे घर तपशिलात न शिरता त्या बाजूला उभे राहते.

सामन्याच्या दिवशी मित्रा पहाटेच प्रशिक्षकांबरोबर गेली होती. तिच्या बॅगेत एक लाल आणि एक निळा असे दोन गणवेश होते. दोन्हींना मी स्वतः इस्त्री केली होती. दोन का, हे मी विचारले नाही. (जादा असावा, असे मला वाटले. बॉक्सिंगमध्ये लाल कोपरा कुणाचा आणि निळा कुणाचा हे त्याच दिवशी सोडतीने ठरते, म्हणून दोन्ही रंग जवळ ठेवावे लागतात, हे ज्ञान मला पुढे मोठ्या किमतीत मिळाले.)

सामना गुरुग्रामला एका क्रीडासंकुलात होता. आम्ही वेळेत निघालो. गुरुग्राम वेळेत आले नाही. पार्किंगच्या तळघरात आम्ही इतके गोल फिरलो की ताईंना उलटी होईलसे वाटू लागले. धावत हॉलमध्ये शिरलो तेव्हा मित्राच्या सामन्याची घंटा झालीच होती. मोकळ्या जागा फक्त सर्वांत वरच्या रांगेत होत्या. (रिकाम्या सभागृहातही मी तिथेच बसते, पण त्या दिवशी नाइलाज होता.)

खाली रिंगमध्ये दोन मुली. सारख्या वजनाच्या, म्हणून जवळपास सारख्याच अंगाच्या. डोक्याला हेडगार्ड, दातांत गार्ड, हातात भोपळ्याएवढे ग्लव्ज. एक लाल, एक निळी.

"आपली कुठली?" मी हळूच विचारले.

शशीताईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "वंदना, हे काय विचारनं झालं का? निळी."

"पण ताई, कुणाला तरी विचारून..."

"काहून विचारायचं? निळी हाय ना? मग आपलीच हाय."

सुधीरनी मान डोलावली. ज्या माणसाने आयुष्यात एकही बिल पुराव्याशिवाय मान्य केले नाही, त्याने हे एका क्षणात मान्य केले. मला किंचित शंका होती, कारण मित्रा डावा पाय पुढे टाकताना जरा झुलते आणि तशी झुलत होती ती लाल मुलगी. परंतु नणंद, यजमान आणि समोर फडकणारे तीन गमछे यांच्या विरोधात मत नोंदवण्याचा माझा स्वभाव नाही. शिवाय मला ओरडायचे होते. त्यासाठी मी महिनाभर कष्ट घेतले होते.

पहिला राउंड मी श्वास गोळा करण्यात घालवला. दुसऱ्या राउंडला निळ्या मुलीने लाल मुलीला दोरांवर दाबले. मी उभी राहिले, डोळे मिटले आणि ओरडले.

"हाण! सोडू नकोस त्या लालीला! नाक फोड तिचं!"

पुढच्या रांगेतली माणसे वळली. हा आवाज माझा आहे यावर माझाही विश्वास बसेना. सुधीर थक्क होऊन पाहत राहिले; ताईंनी माझ्या पाठीत अभिमानाने धपाटा घातला. मग काय, बावीस वर्षांच्या सगळ्या बैठका एकदम बाहेर पडल्या. "बरगड्यांत मार तिच्या! दमली आहे ती! पाडून टाक!"

लाल मुलगी एकदम थांबली आणि थेट वर माझ्याकडे पाहू लागली. तेवढ्यात निळीने तिला एक सणसणीत ठेवून दिली. आम्ही तिघे नाचलो. लाल मुलगी मात्र अजूनही माझ्याकडेच पाहत होती. इतक्या दुरून चेहरा कळत नव्हता, पण नजर मोठी उद्धट वाटली. हिच्या आईने हिला काही वळण लावलेले दिसत नाही, असेही माझ्या मनात येऊन गेले.

तिसऱ्या राउंडला त्या लाल मुलीच्या अंगात काय संचारले कोण जाणे. मी जितकी जोरात ओरडे, तितकी ती जोरात मारी. "तिला जिंकू देऊ नकोस!" म्हटले की एक उजवा. "दाखव तिला आपण कोण आहोत!" म्हटले की दोन डावे. शेवटची घंटा झाली तेव्हा निळी मुलगी श्वासासाठी झगडत होती आणि माझा घसा बसला होता. पंचांनी लाल हात वर केला.

मी मटकन खाली बसले. ग्लव्ज माळ्यावर गेलेले मला दिसू लागले. करारानुसार सुधीरना समाधान वाटायला हवे होते. त्याऐवजी ते ताडकन उठले.

"हा अन्याय आहे," ते म्हणाले. "दुसरा राउंड सरळसरळ आपला होता."

"अहो, पण तुम्हालाच तर..."

"वंदना, करार वेगळा आणि नियम वेगळा." आणि ते पायऱ्या उतरून थेट अधिकाऱ्यांच्या टेबलापाशी गेले. मी आणि ताई मागोमाग.

"मुझे इस निर्णय पर ऑब्जेक्शन दर्ज कराना है," सुधीर म्हणाले.

"आप कौन?" टेबलावरच्या गृहस्थांनी विचारले.

"लड़की का फ़ादर."

"कौन सी लड़की?"

"नीली वाली."

शेजारी एक सहा फूट उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ निळ्या मुलीची पाण्याची बाटली धरून उभे होते. ते सावकाश वळले. सुधीरना त्यांनी वरून खाली आणि पुन्हा खालून वर पाहिले.

"भाई साहब," ते शांतपणे म्हणाले, "छोरी का बाबू तो मैं सूँ. आप कौण सो?"

लेखापरीक्षणात या प्रश्नाचे उत्तर शिकवत नाहीत. सुधीर चष्मा पुसू लागले. मी जमिनीत जाण्यासाठी जागा शोधू लागले. शशीताईंनी गळ्यातला गमछा हळूच काढून पर्समध्ये घातला. आणि तेवढ्यात लाल मुलगी रिंगमधून उतरली, तिने हेडगार्ड काढला आणि तिची वेणी खांद्यावर पडली. ती पहाटे मीच घातली होती.

"बाबा, तुम्ही इथे काय करताय?"

"आक्षेप नोंदवतोय," सुधीर म्हणाले. प्रामाणिकपणा त्यांच्या हाडात आहे.

"कशावर?"

"तुझ्या... विजयावर."

मित्राने त्यांच्याकडे पाहिले, गमछ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"आई, 'नाक फोड तिचं' हे तू म्हणालीस?"

मी मान हलवली. आवाज शिल्लक नव्हता.

"आणि 'बरगड्यांत मार'?"

पुन्हा मान.

"मी दुसऱ्या राउंडला संपले होते," ती म्हणाली. तिचा ओठ सुजला होता, त्यामुळे ती हसते आहे की रडते आहे ते कळेना. "बिल्कुल संपले होते. हात उचलत नव्हते. मग एकदम तुझा आवाज आला आणि तू तिच्या बाजूने. मला इतका राग आला, इतका राग आला की म्हटलं, आता ही पोरगी नाही, आईलाच दाखवते."

पांढऱ्या मिशांच्या गृहस्थांना मराठी येत नव्हते. पण मुलगी आईवर चिडली आहे एवढे कुणालाही कळते. त्यांनी मित्राच्या डोक्यावर हात ठेवला. "कति जोर का मुक्का सै छोरी का," ते सुधीरना म्हणाले. "इसका खेल मत छुड़वाइयो."

सुधीरनी चष्मा घातला आणि टेबलाकडे वळून म्हणाले, "मैं अपना ऑब्जेक्शन वापस लेता हूँ." नोकरीच्या काळात त्यांनी असे कधी केल्याचे मला आठवत नाही.

ग्लव्ज घरात खालीच राहिले. अंतिम सामना येत्या रविवारी आहे, हिसारच्या एका मुलीशी. प्रशिक्षकांनी मला आवर्जून बोलावले आहे आणि काय करायचे तेही समजावून सांगितले आहे. या वेळी लाल कोण आणि निळी कोण, हे मी स्वतः टेबलापाशी जाऊन, मोठ्या आवाजात विचारणार आहे. चूक होऊन चालणार नाही. चुकून मी माझ्याच मुलीला प्रोत्साहन दिले, तर ती हरायची.