पिवळं मेण

आमच्या बेटावरच्या गुडलँड्स गावच्या बाजारात मेणबत्त्या विकणाऱ्याला आम्ही मराठी घरांतल्या पोरी मामा म्हणायचो. सायक्लोनमध्ये वीज जाते म्हणून घ्यायला गेलं की तो पांढऱ्याच द्यायचा. मधमाशीचं पिवळं मेण मात्र नखानं दाबून, हुंगून स्वतःकडेच ठेवायचा.

"हे तुला कशाला, बाय? वीज आली की फुंकर मारशील."

नोव्हेंबरात ख्रिस्ती लोक कबरींवर मेणबत्त्या लावतात. अशाच एका दुपारी ख्रिस्ती शेजारणीबरोबर कबरस्तानात गेले, तर मामा एका कबरीपाशी एकटाच बसलेला. उन्हानं सगळ्यांच्या पांढऱ्या मेणबत्त्या वाकल्या होत्या. त्याची पिवळी तेवढी ताठ होती.

"कुणाची ही कबर, मामा?"

त्यानं ज्योतीला तळव्याचा आडोसा केला.

"आमची आय ख्रिस्तीण सून घरात घेणार नाय, असं मीच धरलं. आयला नि हिला, दोघींना कधी विचारलंच नाय."